फॉरमॅट मारण्याआधी: कॉम्प्युटर स्लो करणारे प्रोग्रॅम कसे शोधायचे आणि कसे थांबवायचे

"फॉरमॅट मारून टाक रे," असं म्हणत शेजारच्या काकांनी लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला. तक्रार अशी की सकाळी बटण दाबायचं, चहा टाकायचा, चहा पिऊन कपबशी विसळायची, आणि मग कुठे माउसचा बाण हलायला लागतो. मी मोबाइलवर घड्याळ लावलं. बटण दाबल्यापासून एक्सेलची कोरी शीट समोर येईपर्यंत ९ मिनिटं २० सेकंद. खाली उजवीकडे, तारीख-वेळेच्या शेजारी जो छोटा बाण असतो, त्यावर क्लिक केलं तर चिन्हांची नुसती जत्रा. दोन अँटीव्हायरस, तीन वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या प्रिंटरचा प्रोग्रॅम, लॉकडाउनमध्ये नातवाच्या शाळेसाठी घेतलेलं व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप, मोबाइलमधले फोटो उतरवून घेणारं काहीतरी, आणि एक चक्क 'पीसी फास्ट करणारं' सॉफ्टवेअर.

फॉरमॅट मारला नाही. तासाभरात काम झालं. काय काय केलं ते इथे क्रमाने सांगतो. विंडोज १० आणि ११ डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, आणि मेनू इंग्रजीत आहेत असं धरून चालतोय. एक वही आणि पेन जवळ घ्या. गंमत नाही करत. काय बंद केलं ते लिहून ठेवलं नाही तर पंधरा दिवसांनी स्कॅनर का चालत नाही म्हणून डोकं धरून बसाल.

आधी रीस्टार्ट करा. शटडाउन चालणार नाही

काका शिस्तीचे आहेत, रोज रात्री न चुकता शटडाउन करतात. तरीही त्यांच्या लॅपटॉपवर 'अप टाइम', म्हणजे विंडोज सलग किती वेळ चालू आहे तो आकडा, ४१ दिवस दिसत होता. काकांना वाटलं मी चेष्टा करतोय.

यामागे विंडोज ८ पासून आलेली 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. शटडाउन केलं की तुमचे उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा आतला गाभा आणि ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आहेत त्या अवस्थेत डिस्कवर उतरवून ठेवले जातात. सकाळी तेच परत रॅममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या कामाच्या तात्पुरत्या जागेत, चढवलं जातं. त्यामुळे सुरू होणं लवकर होतं, पण एखाद्या ड्रायव्हरने अडवून धरलेली रॅम, कुठेतरी अडकलेलं काहीतरी, हेही जसंच्या तसं परत येतं. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं पुसून नव्याने मांडलं जातं. म्हणून पहिलं काम: स्टार्ट, पॉवर, रीस्टार्ट. नंतर दहा मिनिटं हात लावू नका. सुरुवातीला प्रत्येकच कॉम्प्युटर धावपळीत असतो, तेव्हाचे आकडे बघून काही ठरवायचं नसतं.

बऱ्याच जणांचं दुखणं इथेच संपतं. त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

टास्क मॅनेजर उघडा

कोणता प्रोग्रॅम किती खातोय ते विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दिसतं. तो उघडायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटने निळा पडदा येतो आणि त्यात परत टास्क मॅनेजर निवडावा लागतो, तो लांबचा रस्ता. तीन बटणं जमत नसतील तर स्टार्टच्या चिन्हावर राइट क्लिक करा, यादीत टास्क मॅनेजर सापडेल. विंडोज १० मध्ये छोटीशी खिडकी उघडली तर तळाशी 'मोअर डिटेल्स' आहे, ते दाबा. विंडोज ११ मध्ये २०२२ च्या मोठ्या अपडेटनंतर टॅब वरून हलून डाव्या पट्टीत गेले. नुसती चिन्हं दिसत असतील तर वरच्या तीन आडव्या रेघांवर क्लिक करा म्हणजे नावं दिसतील.

जाता जाता, हा प्रोग्रॅम डेव्ह प्लमर नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरने लिहिला आणि १९९६ च्या विंडोज एनटी ४.० पासून तो विंडोजमध्ये आहे. बाकी सगळं अडकलं तरी हा उघडला पाहिजे, अशाच बेताने तो बनवलेला. म्हणून कॉम्प्युटर हँग झाला की वीज बंद करण्याआधी हीच तीन बटणं दाबून थोडा धीर धरा. दहा-पंधरा सेकंद लागतील, पण बहुतेक वेळा येतो.

कुठे तुंबलंय ते बघा

'प्रोसेसेस' टॅबमध्ये चार रकाने महत्त्वाचे: सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क, नेटवर्क. प्रत्येकाच्या डोक्यावर एकूण टक्केवारी असते. त्या शीर्षकावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो. आधी बघायचं ते एवढंच, की चारांपैकी कोणता रकाना भरलाय. नावं नंतर.

काकांच्या लॅपटॉपवर डिस्क १०० टक्के होती. पण खाली बघितलं तर सगळे मिळून सेकंदाला जेमतेम २ एमबी वाचत-लिहीत होते. नवा माणूस इथे चक्रावतो. डिस्कचे ते १०० टक्के म्हणजे डिस्क सगळा वेळ कामात होती, एवढंच. किती माल उचलला याचा तो हिशोब नाही. फिरणाऱ्या तबकडीच्या जुन्या हार्डडिस्कला एका वेळी एकाच ठिकाणचं वाचता येतं. दहा प्रोग्रॅमनी दहा कोपऱ्यांतून थोडंथोडं मागितलं की तिची सुई नुसती इकडून तिकडे पळत राहते. रेशनच्या दुकानात मापारी एकच आणि गिऱ्हाइकं दहा, प्रत्येकाला पावशेर वेगळी वस्तू हवी, तसं. अशा मशीनवर मागे चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम कमी केला की फरक लगेच हाताला लागतो.

मेमरीचं थोडं वेगळं. रॅम भरलेली दिसली म्हणजे बिघाड आहे असं नाही, कारण रिकामी रॅम कुणाच्या कामाची नसते. ४ जीबीच्या मशीनवर काहीही न उघडता ६०-७० टक्के दिसणं नेहमीचंच. काळजी करायची ती ९० च्या वर गेल्यावर. तेव्हा विंडोज रॅममधला माल डिस्कवर नेऊन ठेवायला लागतं, मग डिस्कही १०० ला टेकते. दोन्ही रकाने एकदम भरले असतील तर मूळ दुखणं मेमरीचं आहे असं समजा.

सीपीयूची एक खूण लक्षात ठेवा. चार कामकरी असलेल्या प्रोसेसरवर एखादा प्रोग्रॅम साधारण २५ टक्क्यांवर मिनिटामागून मिनिट खिळून बसला असेल, किंवा आठवाल्यावर साडेबाराच्या आसपास, तर त्याने एक कामकरी पूर्ण अडवून ठेवलाय. बहुधा तो आतल्या आत गरगर फिरतोय. 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये सीपीयूवर क्लिक केलं की 'लॉजिकल प्रोसेसर्स' समोर हा आकडा असतो. मघाचा अप टाइमही तिथेच.

नेटवर्कचा रकाना बहुतेक वेळा निर्दोष निघतो. इंटरनेट स्लो आहे अशी तक्रार असेल तेव्हा मात्र तिथे बघा, कुणीतरी अपडेट उतरवत बसलेलं सापडतं.

घाबरवणारी नावं

आता यादी वरून खाली वाचा. अर्धी नावं अनोळखी असतील आणि त्यांपैकी बरीच विंडोजची स्वतःची.

'सर्व्हिस होस्ट' हे नाव पन्नास वेळा दिसेल. तो व्हायरस नव्हे. विंडोजच्या बऱ्याच सेवा (मागे गुपचूप चालणारी कामं) स्वतंत्र चालत नाहीत, त्यांना असा एक यजमान लागतो. पूर्वी एकाच यजमानाकडे अनेक सेवा राहायच्या. २०१७ च्या सुमारापासून, रॅम साडेतीन जीबीहून जास्त असेल तर जवळपास प्रत्येक सेवेला वेगळी खोली मिळते, म्हणून यादी एवढी लांबलचक. डावीकडच्या बाणावर क्लिक केलं की आत कोण राहतंय ते कळतं.

'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर. तपासणी चालू असताना तो भरपूर खातो, संपली की शांत होतो. 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' अपडेटच्या आगेमागे दिसतो. त्याला मध्येच मारू नका; अर्धवट अपडेट म्हणजे आणखी वेगळी कटकट. लॅपटॉप चार्जरला लावून रात्री दोन तास चालू ठेवा, आपलं काम संपवून तो जाईल. 'सर्च इंडेक्सर' फायलींची सूची करतो. नवीन मशीनवर, किंवा पेनड्राइव्हमधून दहा हजार फोटो ओतल्यावर, तो एक-दोन दिवस धावणारच. महिनोन्महिने धावत असेल तर सेटिंग्जमध्ये विंडोज सर्चचं पान उघडून 'एनहान्स्ड' निवडलेलं नाही ना ते बघा. त्या पर्यायात तो अख्खा कॉम्प्युटर चाळतो, 'क्लासिक' ठेवलं की ठरावीक फोल्डरपुरता राहतो.

'डिटेल्स' टॅबमध्ये 'सिस्टिम आयडल प्रोसेस' ९५ टक्के दिसला म्हणून एकाने मला रात्री अकराला फोन केला होता. तो आकडा म्हणजे प्रोसेसर किती मोकळा आहे ते. जितका जास्त तितकं चांगलं.

'सिस्टिम इंटरप्ट्स' मात्र सतत पाच-दहा टक्क्यांच्या वर असेल तर ते प्रोग्रॅमचं काम नाही. एखादं हार्डवेअर किंवा त्याचा ड्रायव्हर बिघडलाय. यूएसबीला लावलेली एकेक वस्तू काढून बघा. काढल्या काढल्या आकडा खाली आला की चोर सापडला.

एंड टास्क म्हणजे तात्पुरतं बाहेर काढणं

नावावर राइट क्लिक करून 'एंड टास्क' केलं की प्रोग्रॅम तिथल्या तिथे मरतो. सेव्ह न केलेलं काम जातं, विचारत नाही. अडकलेल्या ब्राउझरला, हँग झालेल्या वर्डला, मघाच्या २५ टक्केवाल्याला हा उपाय योग्य. पण कॉम्प्युटर पुन्हा चालू केला की तेच परत हजर. दारातून बाहेर काढलेला माणूस किल्ली घेऊन गेला असेल तर संध्याकाळी परत येणारच. किल्ली कशी काढून घ्यायची ते पुढे येतंय.

यादीत तळाशी 'विंडोज प्रोसेसेस' असा वेगळा गट असतो, त्याला हात लावायचा नाही. त्यातल्या काहींना मारलं तर विंडोज आधी इशारा देतं, आणि तरीही रेटलं तर पडदा निळा होऊन सगळंच बंद पडतं. अपवाद 'विंडोज एक्सप्लोरर'चा: टास्कबार गोठला असेल तर त्यावर राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' दाबा, दोन सेकंद पडदा रिकामा होईल आणि टास्कबार नव्याने येईल.

किल्ली काढून घ्या: स्टार्टअप

सगळ्यात जास्त फायदा इथे आहे, म्हणून घाई करू नका. टास्क मॅनेजरमधलाच 'स्टार्टअप' टॅब उघडा. विंडोज ११ मध्ये त्याचं नाव 'स्टार्टअप अ‍ॅप्स'. कॉम्प्युटर चालू होताना जे आपोआप उठतात त्यांची ही हजेरी. 'स्टेटस' रकान्यावर क्लिक करून 'एनेबल्ड' असलेले वर आणा.

शेजारी 'स्टार्टअप इम्पॅक्ट' असतो: हाय, मीडियम, लो. हे शेरे अंदाजाने मारलेले नाहीत. चालू होताना ज्याने सीपीयूचा १ सेकंदाहून जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त वाचलं-लिहिलं तो हाय. ३०० मिलिसेकंदांच्या आणि ३०० केबीच्याही आत राहिला तो लो. मधला तो मीडियम. ३ एमबी म्हणजे आजच्या मोबाइलचा एखादा फोटो, त्यामुळे हाय शेरा बघून दचकायचं कारण नाही. पण जुन्या हार्डडिस्कवर असे बारा हाय एकदम उठले की काकांची सकाळ होते.

प्रत्येक नावापाशी स्वतःला विचारा: मी न सांगता हे चालू व्हायला हवं का? व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप मीटिंगच्या वेळी आपण उघडतोच. गाण्यांचं अ‍ॅप, गेमचं दुकान, पीडीएफ वाचकाचा अपडेट तपासणारा, प्रिंटरची शाई किती उरली ते सांगणारा, यांना सकाळी सकाळी उठायचं काही काम नाही. राइट क्लिक, 'डिसेबल'. प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर राहतो, हवा तेव्हा उघडतो, फक्त न बोलावता येत नाही. म्हणून डिसेबल करायला घाबरू नका. चुकलं तर त्याच जागी 'एनेबल' आहे.

काय ठेवायचं? टचपॅड, आवाज, ग्राफिक्स यांची नावं असतील तर राहू द्या. 'विंडोज सिक्युरिटी नोटिफिकेशन आयकॉन' राहू द्या. वनड्राइव्हसारखं क्लाउडचं अ‍ॅप बंद करण्याआधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर त्यात जोडलेले आहेत का ते बघा. जोडलेले असतील आणि अ‍ॅप चालू नसेल तर तुमच्या फायलींची क्लाउडवरची प्रत जुनीच राहील, आणि हे कळतं ते नेमकं लॅपटॉप बिघडल्यावर.

आपल्याकडच्या कामांमुळे आणखी काही नावं येतात, आणि बाहेरच्या कुठल्या सल्ल्यात ती सापडत नाहीत. मराठी टायपिंगसाठी श्रीलिपी किंवा आयएसएमसारखं काही वापरत असाल तर ते मागे चालू असल्याशिवाय कीबोर्डवरून मराठी उमटणार नाही. अंगठ्याचं मशीन लावून आधारची पडताळणी करत असाल, सेवा केंद्रात असतं तसं, तर त्याची 'आरडी सर्व्हिस' मागे चालूच लागते. ती थांबवलीत की मशीनचा दिवा लागेल, पण पोर्टल म्हणेल डिव्हाइस सापडत नाही. ई-टेंडर किंवा जीएसटीसाठी डिजिटल सहीचा टोकन असेल तर त्याचा प्रोग्रॅमही तसाच. एका ओळखीच्या सेवा केंद्रात कुणीतरी मोठ्या उत्साहाने सगळंच डिसेबल केलं होतं. दुसऱ्या दिवशी दाखल्यांसाठी रांग लागली आणि अंगठा काही घेईना. मला बोलावलं तोपर्यंत दुपार झाली होती, आणि काय बंद केलं ते त्या पठ्ठ्याला आठवत नव्हतं. वही घ्या म्हणालो ते त्यामुळे.

डिसेबल करूनही काही चिवट प्रोग्रॅम पुढच्या अपडेटला स्वतःला परत यादीत घालतात. त्यांच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'स्टार्टअपला चालू करा' अशा अर्थाची खूण काढा. आणि जो प्रोग्रॅम वर्षभर वापरलाच नाही, त्याला डिसेबल कशाला करायचं? सेटिंग्ज, अ‍ॅप्स, अनइन्स्टॉल. काकांचा विकलेल्या प्रिंटरवाला असाच गेला.

ब्राउझर, म्हणजे कॉम्प्युटरातला दुसरा कॉम्प्युटर

यादीत क्रोम वीस-तीस वेळा दिसतो, कारण टॅब आणि एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे जादा प्रोग्रॅम) यांच्यासाठी तो वेगवेगळ्या प्रोसेस चालवतो. कोणता टॅब खातोय हे विंडोजच्या टास्क मॅनेजरमधून नीट कळत नाही. क्रोम उघडा आणि शिफ्ट आणि एस्केप दाबा. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, त्यात टॅबचं नाव आणि त्याने घेतलेली मेमरी समोरासमोर. बातम्यांच्या एखाद्या साइटने ५०० एमबी घेतलेले बघितले की टॅब बंद करायला कुणी सांगावं लागत नाही. नको असलेली एक्स्टेन्शन इथेच उघडी पडतात.

खिडकी बंद केली तरी क्रोम मागे जागा राहू शकतो. सेटिंग्ज, मग सिस्टिम, तिथे क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड अ‍ॅप चालू ठेवायचं बटण आहे, ते बंद करा. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये 'सिस्टिम अँड परफॉर्मन्स' खाली अशीच सोय आहे आणि सोबत 'स्टार्टअप बूस्ट' नावाचं बटण, ज्यामुळे एज तुम्ही न उघडताच थोडासा उघडून बसतो. एज वापरत नसाल तर दोन्ही बंद.

मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आलेल्या अ‍ॅपसाठी परवानगी वेगळ्या जागी असते. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, बॅकग्राउंड अ‍ॅप्स. विंडोज ११ मध्ये अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स, नावासमोरचे तीन ठिपके, 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', आणि तिथे 'नेव्हर'. याने फार मोठा फरक पडतो असं मला तरी दिसलेलं नाही. लॅपटॉपची बॅटरी थोडी जास्त पुरते.

तरीही सापडत नसेल तर

काही प्रोग्रॅम स्टार्टअपच्या यादीत येतच नाहीत. ते सर्व्हिस (मघाची सेवा) म्हणून किंवा ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या टास्क शेड्यूलरमधून उठतात. अशा वेळी सर्चमध्ये 'सिस्टिम कॉन्फिगरेशन' शोधून उघडा, 'सर्व्हिसेस' टॅबवर जा, आणि सगळ्यात आधी खालच्या 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' वर खूण करा. ही खूण विसरलात तर विंडोजच्याच सेवा बंद कराल आणि मग मात्र खरंच फॉरमॅटची वेळ येईल. आता उरलेली यादी बाहेरच्यांची. मोबाइलवर तिचा फोटो काढा. 'डिसेबल ऑल', रीस्टार्ट.

कॉम्प्युटर पळायला लागला? म्हणजे गुन्हेगार या यादीत आहे. निम्म्या सेवा चालू करून रीस्टार्ट करा. परत रखडला तर गुन्हेगार त्या निम्म्यांत, नाही तर दुसऱ्या निम्म्यांत. सोळा सेवा असतील तर चार-पाच फेऱ्यांत एक नाव हातात येतं. कंटाळवाणं आहे, पण ठाम उत्तर मिळतं. सापडल्यावर बाकी सगळं पूर्ववत करायला विसरू नका, आणि ऑफिसच्या मशीनवर हा प्रयोग तिथल्या आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय नको.

मायक्रोसॉफ्टच्या सेवांपैकी एकीबद्दल नेहमी विचारतात: 'सिसमेन', जुनं नाव सुपरफेच. तुम्ही रोज काय उघडता ते बघून ती आधीच रॅममध्ये आणून ठेवते. जुन्या हार्डडिस्कवर कधीकधी तिच्यामुळेच डिस्क १०० ला टेकते. 'सर्व्हिसेस' शोधून उघडा, सिसमेनवर राइट क्लिक, 'स्टॉप', आणि पाच मिनिटं बघा. फरक नाही पडला तर परत 'स्टार्ट'. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवाली वेगवान डिस्क, असेल तर या सेवेच्या वाटेला जाऊच नका.

ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांच्यासाठी 'ऑटोरन्स' आहे. विंडोजची खोलात तपासणी करणाऱ्या, सिसइंटर्नल्सच्या मार्क रुसिनोविच यांच्या संचातला प्रोग्रॅम. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली, आणि आता तो मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळतो. कॉम्प्युटरमध्ये आपोआप काही उठू शकेल अशी प्रत्येक जागा तो दाखवतो. यादी बघून भोवळ येईल. 'हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज' लावा, 'लॉगऑन' आणि 'शेड्यूल्ड टास्क्स' हे दोनच टॅब बघा, आणि काही बंद करायचं तर चौकटीतली खूण काढा. डिलीट करू नका.

ओळख पटत नसलेला पाहुणा

अनोळखी नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' करा. खरा सर्व्हिस होस्ट विंडोज फोल्डरातल्या 'सिस्टिम ३२' मध्ये राहतो. त्याच नावाचा, किंवा एखादं अक्षर मागेपुढे केलेला, 'टेम्प' नाहीतर डाउनलोड्समध्ये सापडला तर तो तोतया. मग फाइलवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'डिजिटल सिग्नेचर्स' बघा; नावाजलेल्या कंपनीच्या प्रोग्रॅमवर तिची सही असते. नुसता 'अ‍ॅपडेटा' फोल्डरात आहे म्हणून मात्र चोर ठरवू नका, अनेक सरळमार्गी अ‍ॅप तिथेच राहतात.

पंखा जोरात फिरतोय, मशीन तापलंय, आणि टास्क मॅनेजर उघडला की दोन सेकंदांत सगळं गुपचूप? तुमच्या विजेवर कुणीतरी परस्पर क्रिप्टो नाणी पाडत असण्याची शक्यता आहे. अशातले काही प्रोग्रॅम टास्क मॅनेजर दिसला की लपतात. फुकटचे गेम आणि विंडोज फुकटात 'अ‍ॅक्टिव्हेट' करून देणारे जुगाड ही त्यांची आवडती वाट. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'स्कॅन ऑप्शन्स' उघडून 'ऑफलाइन स्कॅन' लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात.

आणि यादीत लांबून कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्रॅम दिसला, जो तुम्ही किंवा तुमच्या ओळखीच्या कुणी टाकलेला नाही, तर आधी इंटरनेट तोडा, मग तो अनइन्स्टॉल करा. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' असा फोन करणारे हेच टाकायला लावतात. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, बँकेलाही कळवा.

'रॅम बूस्टर', 'पीसी क्लीनर' यांच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ते स्वतःच स्टार्टअपमध्ये बसतात, स्वतः रॅम खातात, आणि तुमच्या मशीनमध्ये शेकडो 'एरर' दाखवून पैसे मागतात. दोन अँटीव्हायरसही नकोत. दोघं एकमेकांच्या फायली तपासत बसतात. बाहेरचा विकत घेतला असेल तर तो ठेवा, डिफेंडर आपणहून बाजूला होतो. मुदत संपलेला असेल तर काढून टाका, डिफेंडर परत कामाला लागतो.

एवढं करूनही रखडत असेल

'परफॉर्मन्स' टॅबमध्ये डिस्कच्या नावाखाली 'एचडीडी', म्हणजे जुनी हार्डडिस्क, असं लिहिलंय का बघा. असेल तर एसएसडी बसवण्याइतका दुसरा गुणकारी खर्च नाही. मेमरीवर क्लिक करून 'स्लॉट्स यूज्ड' बघा. '१ ऑफ २' असेल तर जुनी रॅम न काढता दुसरी पट्टी लावता येईल. आणि विंडोज १० वर असाल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेही हिशोबात धरा.

शेवटी परत रीस्टार्ट करा आणि घड्याळ लावा. काकांचा लॅपटॉप हार्डडिस्क तीच असून २ मिनिटं ४० सेकंदांत एक्सेलपर्यंत पोचला. त्यांच्या वहीतलं पान असं होतं:

प्रिंटर प्रोग्रॅम – काढला.
मुदत संपलेला अँटीव्हायरस – काढला.
पीसी फास्ट करणारं – काढलं.
व्हिडिओ कॉल – डिसेबल.
मोबाइल फोटो – डिसेबल.
क्रोम बॅकग्राउंड – बंद.
पंचांगाचं अ‍ॅप – डिसेबल.

आठवड्याने सहज डोकावलो तर शेवटच्या ओळीवर काट मारून पुढे काकूंच्या अक्षरात लिहिलेलं होतं: परत चालू केलं आहे, हात लावू नये.